ब्रँडचे प्रयोजन : एका व्यावसायिक संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांच्या अध्यापनात गेल्या दीड-दोन दशकांत 'ब्रँड पर्पज' ही संज्ञा चांगलीच रूढ झाली आहे. नफा मिळविणे हे तर प्रत्येक कंपनीला करावेच लागते. परंतु त्यापलीकडे ती कशासाठी अस्तित्वात आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिच्या ब्रँडचा 'पर्पज', अशी या संज्ञेची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. मराठीत तिला अद्याप स्थिर पर्याय मिळालेला नाही. कोणी 'उद्देश' म्हणतात, कोणी 'ध्येय', कोणी 'हेतू', तर बहुतेक जण मूळ इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहून मोकळे होतात. प्रश्न केवळ परिभाषेचा असता तर तो परिभाषा कोशाच्या समितीवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु कंपनीने स्वतःविषयी केलेले हे विधान ही एक संहिता असते. तिला कर्ता असतो, क्रियापद असते, गृहीत वाचक असतो आणि सोयीस्कर मौनही असते. अशा संहितेचे वाचन हे वाणिज्याच्या अभ्यासकाइतकेच भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या संज्ञेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे वळण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या प्रक्रियेमुळे आपल्या प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःचे 'व्हिजन' आणि 'मिशन' लिहून दर्शनी भिंतीवर लावणे भाग पडले. ती वाक्ये लिहिणाऱ्या समित्यांवर आपल्यापैकी अनेकांनी काम केले आहे. 'सर्वांगीण विकास' आणि 'गुणवत्तापूर्ण शिक्षण' हे शब्दप्रयोग न वापरता असे वाक्य पूर्ण करणे किती अवघड असते, हे त्यांना निराळे सांगावयास नको. कंपन्यांची प्रयोजनवाक्ये याच जातकुळीची आहेत.

'प्रयोजन' हाच शब्द का?

उद्दिष्ट मोजता येते. ते गाठले की संपते. ध्येय दूर असते आणि ते बहुधा व्यक्तीचे असते. 'हेतू' या शब्दाला आपल्या काव्यशास्त्रात कारण असा निराळा अर्थ आहे. प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास हे काव्याचे हेतू होत. ज्यासाठी एखादी कृती आरंभली जाते ते प्रयोजन. न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत प्रयोजनाला स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि प्रयोजनावाचून मंदबुद्धीचा मनुष्यही कशात प्रवृत्त होत नाही, असे मीमांसकांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. 'पर्पज' या शब्दाला 'प्रयोजन' हाच पर्याय स्वीकारावा, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. आणि त्याचे कारण शब्दाच्या भारदस्तपणात नसून त्या शब्दाबरोबर येणाऱ्या विचारव्यूहात आहे.

या विचारव्यूहातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली मम्मटाची. अकराव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने 'काव्यप्रकाशा'त काव्याची सहा प्रयोजने सांगितली : यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, तत्काळ मिळणारा परमानंद आणि कांतेने केल्यासारखा मधुर उपदेश. एम.ए.च्या वर्गात ही यादी शिकविताना आपण आनंदावर आणि उपदेशावर थांबतो, अर्थप्राप्तीवरून मात्र किंचित संकोचाने पुढे जातो. मम्मटाला असा संकोच नाही. त्याने अर्थप्राप्ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली आणि श्रीहर्षाकडून धन मिळविणाऱ्या धावकाचे उदाहरणही दिले. पैसा हे एक प्रयोजन आहे, परंतु ते एकमेव नाही आणि लपवून ठेवण्याजोगेही नाही, ही भूमिका विसाव्या-एकविसाव्या शतकातील व्यवस्थापनाच्या बऱ्याच ग्रंथांहून अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट अनुबंधचतुष्टयाची. शास्त्रग्रंथाने आरंभी चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे दंडक होता : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाविषयी आहे, तो कशासाठी आहे, त्या दोहोंचा परस्परांशी संबंध काय आणि तो कोणासाठी आहे. यांपैकी एक जरी सुटले तरी प्रयोजन हवेत तरंगू लागते. कंपन्यांच्या प्रयोजनवाक्यांत विषय असतो, कारण वस्तू विकावयाची असते. प्रयोजन तर ठळक अक्षरांत असते. त्यांत बहुधा आढळत नाहीत ते संबंध आणि अधिकारी. वेदान्तग्रंथांत 'अधिकारी' म्हणजे ग्रंथ समजून घेण्यास पात्र असलेला जिज्ञासू. येथे तो शब्द थोडा ताणून वापरला आहे : ज्याच्यासाठी प्रयोजन सांगितले आहे आणि त्या आधारावर ज्याला कंपनीकडे काही मागता येते, तो अधिकारी. हा अर्थविस्तार प्रस्तुत लेखाचा आहे, परंपरेचा नव्हे.

या चौकटीत ब्रँडच्या प्रयोजनाची व्याख्या अशी करता येईल : आपल्या उत्पादनामुळे कोणाच्या जगण्यात कोणता फरक पडावा हे सांगणारे, आणि ते सांगताना कंपनीने स्वतःलाच बांधून घेतलेले विधान. व्याख्येचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. जे विधान बोलणाऱ्याला कशापासूनही परावृत्त करीत नाही, ते प्रयोजन नसून घोषवाक्य असते.

फलश्रुतीचे वाङ्मय

या संज्ञेचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये व्यवसायाचे प्रयोजन ग्राहक निर्माण करणे हे आहे, असे प्रतिपादन केले. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकातील गाजलेल्या लेखात, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे एवढीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी आहे, असे बजावले. त्यानंतरची चार दशके हा विचार प्रभावी राहिला. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर वारे फिरले. सायमन सिनेक यांचे 'स्टार्ट विथ व्हाय' २००९ मध्ये आणि जिम स्टेंगेल यांचे 'ग्रो' २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीचे प्रमुख लॅरी फिंक यांनी २०१८ च्या आपल्या वार्षिक पत्रात कंपन्यांकडे सामाजिक प्रयोजनाची मागणी केली, तर ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतील 'बिझनेस राउंडटेबल'च्या १८१ कंपनीप्रमुखांनी केवळ भागधारकांचे नव्हे तर सर्व संबंधितांचे हित पाहण्याच्या निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या.

या निवेदनाचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील विधी अभ्यासक लुशियन बेबचुक आणि रॉबर्टो टालारिटा यांनी स्वाक्षरी करणाऱ्या कंपन्यांकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या कंपन्यांपैकी जवळजवळ कोणीही या निवेदनासाठी आपल्या संचालक मंडळाची मंजुरी घेतलेली नव्हती. कंपनीची कॅन्टीनची निविदासुद्धा मंजुरीवाचून निघत नाही, आणि अस्तित्वाचे प्रयोजन मात्र स्वाक्षरीनिशी बदलले जाते! याचा एकच अर्थ संभवतो. स्वाक्षरी करणाऱ्यांनाही काही बदलले आहे, असे वाटत नव्हते.

स्टेंगेल यांच्या ग्रंथाविषयी येथे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण प्रयोजनाला 'महत्त्व का' या प्रश्नाचे प्रचलित उत्तर प्रामुख्याने त्यावर उभे आहे. उच्च आदर्श बाळगणारे पन्नास ब्रँड इतरांहून कितीतरी वेगाने वाढले, असा त्यांचा दावा. परंतु त्यांनी आधी यशस्वी ब्रँड निवडले आणि नंतर त्यांच्यामागे आदर्श शोधले, हा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला आहे. आदर्श बाळगूनही जे बुडाले ते या यादीत येण्याचा संभवच नव्हता. आपल्याकडील स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती असते : याचे पठण करणाऱ्यास पुत्र, धन, आरोग्य प्राप्त होते. ब्रँडच्या प्रयोजनाविषयीचे बरेचसे लेखन या फलश्रुतीसारखे आहे. फलश्रुतीमुळे स्तोत्राचे पठण वाढते हे खरे; परंतु फलश्रुती म्हणजे स्तोत्र नव्हे. शिवाय जे प्रयोजन नफा वाढतो म्हणून स्वीकारावयाचे, ते नफा घटताच सोडावे लागते, ही त्यातील अंतर्गत विसंगती आहे.

संबंध : साबण, क्रीम आणि मेयोनीज

या विसंगतीचा सर्वांत बोलका नमुना म्हणून युनिलिव्हर ही बहुराष्ट्रीय कंपनी आणि तिची भारतीय शाखा हिंदुस्थान युनिलिव्हर यांचा विचार करता येईल. तिची वस्तू आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरात आहे, हे एक कारण. आणि प्रयोजनाची कल्पना एवढ्या गांभीर्याने दुसऱ्या फारच थोड्या कंपन्यांनी घेतली, हे दुसरे. २००९ ते २०१८ या काळात पॉल पोलमन हे तिचे प्रमुख होते. व्यवसाय दुप्पट करावयाचा आणि पर्यावरणावरील भार मात्र निम्मा करावयाचा, असा 'शाश्वत जीवनाचा आराखडा' कंपनीने २०१० मध्ये जाहीर केला. पोलमन यांचे उत्तराधिकारी अ‍ॅलन जोप २०१९ मध्ये आणखी पुढे गेले. ज्या ब्रँडना काही प्रयोजन सापडणार नाही ते विकून टाकण्याचाही विचार होऊ शकतो, असे त्यांनी सूचित केले.

या कंपनीच्या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली लाइफबॉय. विल्यम लिव्हर यांच्या कंपनीने १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणलेला हा साबण. भारतात २००२ पासून 'स्वास्थ्य चेतना' या नावाने खेडोपाडी हात धुण्याच्या सवयीचा प्रसार या ब्रँडने केला. २०१३ च्या प्रयाग येथील कुंभमेळ्यात तर भोजनालयांतून वाढल्या जाणाऱ्या पंचवीस लाख पोळ्यांवर, हात साबणाने धुतले का, असे विचारणारा ठसा उमटविण्यात आला. हात धुतल्याने अतिसारासारखे आजार कमी होतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. वस्तू हात धुण्याची, प्रयोजन आरोग्याचे. विषय आणि प्रयोजन यांच्यातील संबंध सरळ आहे. साबणाचा खप वाढावा ही इच्छा त्यामागे आहेच, आणि मम्मटाच्या न्यायाने ती असण्यात काही वावगे नाही. एक खोच मात्र राहते. हात कोणत्याही साबणाने स्वच्छ होतात. प्रयोजन जितके खरे तितके ते एका ब्रँडच्या मालकीचे कमी, असा हा पेच आहे. लाइफबॉयच्या मोहिमेमुळे एखाद्या बाईने गावच्या दुकानातील स्वस्त साबण आणून मुलाचे हात धुतले, तर प्रयोजन सफल झाले आणि विक्री मात्र दुसऱ्याची झाली. ज्या कंपनीला यातही समाधान वाटेल तिचे प्रयोजन खरे. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत या कसोटीची चर्चा अभावानेच आढळते.

दुसरी वस्तू फेअर अँड लव्हली. १९७५ मध्ये भारतात आलेल्या या क्रीमने गोरेपणाचे आश्वासन विकले. मुलगा नाही म्हणून खंतावणारा बाप, क्रीम लावून उजळलेली मुलगी, तिला मिळालेली हवाई सुंदरीची नोकरी आणि सुखावलेले घर, अशा आशयाच्या जाहिरातीवर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने आक्षेप घेतला, आणि २००३ मध्ये अशा जाहिराती दूरचित्रवाणीवरून दूर झाल्या. त्याच वर्षी या ब्रँडच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन होऊन मुलींना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ झाला. म्हणजे ब्रँडचे प्रयोजन 'स्त्रीचे आर्थिक सक्षमीकरण' असे ठरले. या प्रयोजनात दोष काढता येणार नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींचे शिक्षण खरेच झाले असणार. परंतु क्रीमच्या नळीतून सक्षमीकरणाकडे जाणारा रस्ता 'सावळेपणा हा अडथळा आहे' या गृहीतकावरूनच जात होता. येथे विषय आणि प्रयोजन यांच्यात नुसता संबंधाचा अभाव नाही, तर विरोध आहे. एकाने जखम करावयाची आणि दुसऱ्याने मलम लावावयाचे. विशेष म्हणजे २००४ पासून याच मूळ कंपनीचा डव्ह हा ब्रँड जगभर 'खऱ्या सौंदर्या'ची मोहीम चालवीत होता आणि सौंदर्याच्या ठरीव कल्पनांतून स्त्रियांना मुक्त करू पाहत होता. एका घरातील दोन भावांनी दोन विरोधी पक्षांत असावे, म्हणजे कोणतेही सरकार आले तरी घर सुरक्षित, ही आपल्या ग्रामीण राजकारणातील युक्ती येथे आठवल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उसळलेल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर २०२० च्या जून महिन्यात कंपनीने 'फेअर' हा शब्द वगळण्याची घोषणा केली आणि जुलैमध्ये 'ग्लो अँड लव्हली' हे नाव धारण केले. पंचेचाळीस वर्षांनी विशेषण बदलले. भारतातील स्त्री-संघटनांचा आक्षेप सुमारे वीस वर्षे जुना होता. प्रयोजन कंपनीच्या आत असते, तर ते जागे होण्यास मिनिआपोलिसमधील घटनेची वाट पाहावी लागली नसती.

ब्रँडगणिक प्रयोजन शोधण्याच्या या उद्योगाची परिणती अखेर विनोदात झाली. जानेवारी २०२२ मध्ये टेरी स्मिथ या ब्रिटिश गुंतवणूकदाराने आपल्या वार्षिक पत्रात, हेलमन्स मेयोनीजचे प्रयोजन ठरवावेसे ज्या कंपनीला वाटते तिला आपण काय करीत आहोत याचे भान राहिलेले नाही, अशा आशयाची टीका केली. सॅलडवर आणि सँडविचमध्ये घालावयाचा पदार्थ एवढे त्याचे प्रयोजन पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तत्कालीन प्रमुख हाइन शूमाकर यांनी प्रत्येक ब्रँडवर ओढूनताणून प्रयोजन लादणार नाही, असे जाहीर केले. स्मिथ यांच्या उपहासाशी सहमत होण्याचा मोह होतो. तथापि त्यातून प्रयोजनाचा विचारच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चूक प्रयोजन शोधण्यात नव्हती. ते कंपनीच्या कारभारात न शोधता बाटलीच्या लेबलात शोधण्यात होती.

नांगराचे उदाहरण

'पर्पज' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता अशा काळातील एक मराठी उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्याच्या निमित्ताने निघालेले हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या सामाजिक विचाराला त्यांनी कसे वळण लावले, हे आपल्या वाङ्मयेतिहासाने नोंदविले आहे.

येथे प्रयोजन कोठे आहे? ते कोणत्याही वाक्यात नाही. खोल नांगरट करू शकणारे अवजार शेतकऱ्याच्या हाती पडावे, आणि त्याची भीती जावी, एवढी ती गोष्ट आहे. वस्तूच प्रयोजन बोलते. नांगर विकावयाचा तर शेतकऱ्याचे मन बदलणे भाग होते आणि मन बदलावयाचे तर त्याच्याशी बोलणे भाग होते. म्हणून कारखान्याला छापखान्याची गरज भासली. विषय आणि प्रयोजन यांच्यातील संबंध मध्ये जाहिरात संस्था न येता तयार झाला. अर्थात आजची संज्ञा शंभर वर्षे मागे नेऊन जुन्या उद्योजकांवर आरोपित करण्यातही धोका आहे. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत तसे आरोपण सर्रास केले जाते, आणि लक्ष्मणरावांना ते कदाचित रुचलेही नसते. त्यांना नांगर विकावयाचा होता. म्हणूनच हे उदाहरण उपयुक्त आहे.

अधिकारी कोण?

आता चौथ्या अनुबंधाकडे वळू. प्रयोजन सांगितले, त्याचा वस्तूशी संबंधही दाखविला. परंतु त्या आधारावर कंपनीला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला?

कायद्याने कंपनीकडे प्रयोजनाची मागणी फार पूर्वीपासून केली आहे, याचा व्यवस्थापनशास्त्राला विसर पडलेला दिसतो. कंपनीच्या संस्थापन समयलेखात 'उद्देश कलम' असावेच लागते. १८७५ मधील इंग्लंडच्या अ‍ॅशबरी खटल्यात रेल्वेचे डबे बनविण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याचा करार केला, तेव्हा तो उद्देशाबाहेरचा म्हणून अवैध ठरला. एवढे ते कलम कडक होते. यावर वकिलांनी शोधलेला उपाय सोपा होता. कल्पनेत येऊ शकणारे सर्व व्यवसाय उद्देश कलमात लिहून टाकावयाचे, म्हणजे काहीच उद्देशाबाहेर राहत नाही. आजची प्रयोजनवाक्ये 'उद्याचे जग अधिक चांगले करणे' इतकी व्यापक का असतात, याचे मूळ या वकिली परंपरेत शोधता येईल. जे सर्व काही सामावून घेते ते कशालाही नकार देत नाही.

भारतीय कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. प्रयोजन आणि सामाजिक दायित्व यांची गल्लत विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी आढळते. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ती क्वचितच कमी असते. दोन टक्के हा मिळालेल्या नफ्याच्या विनियोगाचा प्रश्न आहे. प्रयोजनाचा प्रश्न उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा, म्हणजे नफा मिळतो कसा याचा आहे. त्याच कायद्याचे कलम १६६ अधिक दूरचे पाहते. कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हितासाठीही संचालकाने सद्भावनेने वागावे, असे ते सांगते. मात्र समाज किंवा पर्यावरण यांच्या वतीने या कलमाच्या आधारे न्यायालयात कोणी आणि कसे जावे, हे त्यात स्पष्ट नाही. प्रयोजन आले, अधिकारी आला नाही.

अधिकारी नसण्याचे परिणाम कोडाईकनाल येथे दिसले. तेथील पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना पाँड्स कंपनीबरोबर युनिलिव्हर समूहाकडे आला होता. पारायुक्त काच भंगारात विकली गेल्याचे २००१ मध्ये स्थानिक रहिवासी आणि ग्रीनपीस यांनी उघडकीस आणल्यावर तो बंद झाला. कामगारांच्या आरोग्यावर दुष्परिणाम झाल्याचे कंपनीने मान्य केले नाही. माजी कामगारांनी २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. सोफिया अश्रफ या चेन्नईच्या रॅप गायिकेने २०१५ मध्ये या प्रश्नावर केलेले गाणे जगभर पाहिले गेले, आणि मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. ही पंधरा वर्षे आणि शाश्वत जीवनाच्या आराखड्याची कीर्ती यांचा काळ बराचसा एकच आहे. जगातील कोट्यवधी लोकांचे आरोग्य सुधारणे हे ज्या कंपनीच्या आराखड्यातील एक वचन होते, तिच्याकडे आपल्या मूत्रपिंडांची तक्रार घेऊन जाणारा कामगार त्या वचनाचा अधिकारी मानला गेला नाही. त्याला न्यायालयाची आणि अखेर एका गाण्याची वाट पाहावी लागली. कांतासंमित उपदेशाची ताकद मम्मटाने सांगितली होती. या गाण्याला ती संज्ञा लावणे मात्र अवघड आहे, कारण त्यात माधुर्य नव्हते, राग होता.

याच्या उलट टोकाला श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोटा झाला तरी देणगी स्वीकारावयाची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरविले. कंपनी म्हणून नव्हे, तर सोसायटी म्हणून १९६६ मध्ये तिची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. पापड लाटणारी प्रत्येक सभासद 'बहेन' आहे आणि ती संस्थेची सहमालक आहे. नफ्यात तिचा वाटा आहे आणि तोट्यातही. पुरुषांना पगारी नोकर होता येते, सभासद होता येत नाही. सभासदांची संख्या पुढे चाळीस हजारांच्या वर गेली. सात संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

लिज्जतचे वैशिष्ट्य असे की तिचे प्रयोजन नियमांत आहे, आणि नियम नकारार्थी आहेत : देणगी नाही, बाहेरचा मालक नाही, पुरुष सभासद नाही. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ही तीन 'नाही' म्हणजेच ब्रँडचे खरे प्रयोजनवाक्य होय. संस्था स्वतःला 'स्त्रीशक्तीचे प्रतीक' म्हणवते. समीक्षेच्या दृष्टीने हे तिचे सर्वांत दुबळे वाक्य आहे, कारण ते कोणत्याही क्रीमच्या जाहिरातीत खपून गेले असते. दूरचित्रवाणीवर रामदास पाध्ये यांचा बोलका ससा आला तेव्हा त्याने स्त्रीशक्तीविषयी अवाक्षर न काढता पापडाची चव सांगितली, हे एका अर्थी बरेच झाले.

तरीही लिज्जतला आदर्श म्हणून मखरात बसविण्याचे कारण नाही. येथे काम नगावर किंवा वजनावर मोजले जाते, कणीक घरी न्यावी लागते आणि लाटण्याचे श्रम घरकामाच्या फटीत बसवावे लागतात. स्त्रीने घराबाहेर पडावे असा या रचनेचा आग्रह नाही. घर आणि मालकी एकत्र नांदू शकतात, एवढेच ती दाखविते. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून येणारा आक्षेप असा की पोळपाट-लाटण्याशी बांधलेली मालकी ही कितीशी मालकी? या आक्षेपाचे पूर्ण समाधान होत नाही. परंतु तो आक्षेप घेण्यासाठी बहेनला कोणत्याही प्रमुखाच्या वार्षिक पत्राची वाट पाहावी लागत नाही. तो ती मालकीण म्हणून घेऊ शकते, आणि सकाळी कणीक घ्यावयास गेली असता शाखेच्या दारातच घेऊ शकते.